साउंड ड्रायव्हर शोधायला गेले आणि बाबांचे सतरा हजार गेले

बाबांच्या जुन्या डेस्कटॉपला सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि त्याचा आवाज गेला. खरं तर बिघाड म्हणावा असं काही नव्हतं. मदरबोर्डवर साउंडची एक चिप असते, आणि ग्राफिक्स कार्डाबरोबर एचडीएमआयचा, म्हणजे मॉनिटरच्या केबलमधून आवाज पाठवणारा, वेगळा साउंड ड्रायव्हर येतो. (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादा भाग चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम.) विंडोजने आवाज या नव्या वाटेने मॉनिटरकडे पाठवायला सुरुवात केली, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदललं की विषय संपला असता.

पण बाबांनी इंटरनेटवर ड्रायव्हर शोधला. यादीत सगळ्यात वर जाहिरात होती, तिथून एक 'ड्रायव्हर अपडेटर' उतरला. त्याने फुकटात तपासणी केली आणि लाल अक्षरांत ठणकावलं की निम्मे ड्रायव्हर २००६ सालचे आहेत. आता यातली गंमत बघा. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ हीच तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे तो भाग बनवणाऱ्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर सापडला तर विंडोज त्याला आधी उचलतं. अगदी नव्या कोऱ्या मशीनवरही ही तारीख दिसते. बाबांनी १,९९९ रुपये भरले. अपडेटरने साउंड चिपवर भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर चढवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांच्या यादीत, पिवळा त्रिकोण आला, कोड १०, म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही. आणि अपडेटरच्या खिडकीच्या कोपऱ्यात 'हेल्पलाइन' नंबर होता. बाबांनी तो फिरवला.

पुढचं सगळं मी बाबांच्या फोनमधल्या कॉल रेकॉर्डिंगवरून लिहिते आहे. ते ऐकताना माणसाचा संताप होतोच, पण हेल्पलाइनवरच्या त्या मुलाची तयारी बघून थक्कही व्हायला होतं. आवाज न चढवता, प्रत्येक वाक्यात 'सर' घालत, मायक्रोसॉफ्टकडून बोलतोय असं सांगून त्याने बाबांकडून रिमोटचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं, ॲप टाकून घेतलं आणि पडद्यावर एकेक गोष्ट दाखवत गेला. यातली एकही गोष्ट त्याने बनवलेली नव्हती. सगळं त्याच कॉम्प्युटरमधलं, खरंखुरं. अर्थ तेवढा खोटा.

आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. "सर, ये सब इन्फेक्शन है।" तिथे लाल खुणांच्या ओळीच्या ओळी असतात, धडधाकट कॉम्प्युटरवरही, एखादी सेवा सुरू व्हायला उशीर झाला तरी तिथे नोंद पडते. मग आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत त्याने 'असॉक' ही फाइलच्या प्रकारांची यादी दाखवणारी आज्ञा दिली आणि ८८८ ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवला. म्हणे हा तुमचा लायसन्स नंबर, माझ्याकडे बघा तोच आहे, म्हणजे मी खरा. तो क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच असतो. 'नेटस्टॅट' या, कॉम्प्युटर कुठे कुठे जोडलाय ते दाखवणाऱ्या आज्ञेत दिसणारे परदेशी पत्ते हॅकरचे ठरले. ते ब्राउझरमध्ये उघडलेल्या साइटचे होते. शेवटी म्हणाला, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हेही खरं. त्यावर '५ वर्षांचं संरक्षण' १४,९९९ रुपयांना.

आवाजाचं काय, असं बाबांनी दोनदा विचारलं. "वो भी हो जाएगा, सर।"

नाही झाला. तो मी त्या रविवारी सुरू केला, आणि त्याला एक पैसा लागला नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या त्रिकोणावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी. त्यात व्हीईएन शब्दापुढे १०ईसी दिसलं की चिप रियलटेकची, ८०८६ दिसलं की इंटेलची. चुकीचा ड्रायव्हर काढताना 'ड्रायव्हर सॉफ्टवेअरही हटवा' या चौकोनात टिक केली, नाहीतर रीस्टार्ट झाल्यावर तोच परत येऊन बसतो. मग मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बरोबर मॉडेलचा ड्रायव्हर घेतला आणि आउटपुट बदललं. नव्या अपडेटने ड्रायव्हर बिघडला असेल तर बऱ्याचदा प्रॉपर्टीजमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे, आधीचा ड्रायव्हर परत आणणारं, एक बटण पुरतं. तुमच्या घरच्या ज्येष्ठांना ते बटण आजच दाखवून ठेवा.

रिमोट ॲप उघडं असताना संशय आला तर आधी इंटरनेटची वायर ओढा. फोन कट करण्यात उपयोग नाही, समोरचा पडद्यावर असतोच. ॲप काढून टाका, आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे बाबांच्या मॉनिटरवर मी कागद चिकटवून लिहिलंय. त्यांना ते आवडलेलं नाही.

पैशांसाठी १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर लगेच फिरवा, 'उद्या बघू' म्हणू नका. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. आम्ही उशिरा केला. त्यातली थोडी रक्कम गोठली, बाकीची काढून झालेली होती. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवता येते.

गेल्या आठवड्यात बाबांना परत फोन आला. या वेळी 'सायबर सेल'मधून. गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त ३,००० रुपये प्रोसेसिंग फी. नाव, रक्कम, तारीख सगळं बरोबर सांगत होता, कारण फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. १९३० वर केलेल्या तक्रारीसाठी कुणीही, कधीही फी मागत नाही.