पोकर अ‍ॅपचे लॉयल्टी पॉइंट: दिवाळी 2024 ते बंदीपर्यंतचा माझा अनुभव

2024च्या दिवाळीनंतर एका भारतीय पोकर अ‍ॅपवर मी नियमित खेळू लागलो आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा येऊन पैशांची टेबलं बंद होईपर्यंत खेळत राहिलो. अ‍ॅपचं नाव देत नाही. मला लिहायचंय ते त्याच्या लॉयल्टी पॉइंटबद्दल. खेळ कसा चालतो यापेक्षा पॉइंटांबद्दलच मला जास्त विचारलं गेलं. कसे मिळतात, किती किमतीचे असतात, वरची पातळी गाठायची का, आणि बंदीनंतर उरलेल्या पॉइंटांचं काय झालं.

गोव्यात राहून ऑनलाइन कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात. मांडवीतली कसिनोंची जहाजं पणजीच्या रस्त्यावरून रोज दिसतात, पण फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. कोल्हापूरहून, बेळगावहून आलेला पाहुणा आत जातो. फोंड्यात राहून कुंडईच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मला ते दार बंद. त्यामुळे पोकरची आवड असलेल्या आमच्यासारख्यांना मोबाइल हाच पर्याय होता. मी लहान टेबलांवर खेळायचो, पाच-दहाच्या ब्लाइंडचं (पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायचे पाच आणि दहा रुपये) टेबल म्हणजे माझी वरची मर्यादा.

पॉइंटचा उगम रेकमध्ये आहे. पोकरमध्ये कंपनी तुमच्याविरुद्ध खेळत नाही, खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात. कंपनी प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेल्या पैशांतून, आपला हिस्सा कापते, बहुतेक ठिकाणी पाच टक्क्यांच्या आसपास, आणि त्याला वरची कॅप म्हणजे कमाल मर्यादा असते. हाच रेक. टूर्नामेंटमध्ये तो बाय-इनसोबत (प्रवेशाच्या रकमेसोबत) फीच्या रूपात आधीच भरावा लागतो. तुम्ही जितका रेक दिला त्या प्रमाणात पॉइंट मिळतात. जिंकलात की हरलात याचा पॉइंटांशी काही संबंध नाही. ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हती. त्यांना वाटायचं, चांगलं खेळलं की पॉइंट वाढतात.

तुम्ही किती रेक दिला हे ठरवण्याच्याही पद्धती आहेत. जुनी पद्धत अशी की ज्यांना पत्ते वाटले त्या सर्वांत रेक समान वाटायचा. पत्ते पाहून लगेच टाकणारालाही तेवढेच पॉइंट. आता बहुतेक ठिकाणी पॉटमध्ये ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा वाटा धरतात. समजा पॉट 600 रुपयांचा झाला, त्यात तुमचे 240 आणि समोरच्याचे 360. पाच टक्क्यांनी रेक 30 रुपये, त्यातला तुमच्या नावावर 12. तुम्ही तो पॉट हरलात तरी 12 रुपयांचे पॉइंट तुमचे. पोकरस्टार्स या मोठ्या परदेशी पोकर साइटने 2012च्या सुरुवातीला हा बदल केला तेव्हा धीराने, मोजके हात (डाव) खेळणाऱ्यांनी मोठी ओरड केली होती, कारण त्यांचे पॉइंट एकदम घटले. मला नवी पद्धत जास्त न्याय्य वाटते, पण तिचा परिणाम ध्यानात ठेवायला हवा: जो जास्त हात खेळतो, मोठे पॉट करतो, त्याच्याकडे पॉइंट वेगाने जमतात. ओमाहा या पोकरच्या प्रकारात टेबलांवर पॉइंट भराभर येतात याचं कारणही हेच. तिथे चार-पाच पत्त्यांमुळे सगळेच पॉटमध्ये राहतात, पॉट फुगतो, रेक फुगतो. पॉइंट जास्त येत असतील तर खिशातून रेकही तितकाच जास्त जातोय.

आता किंमत. कंपन्या पॉइंट हजारांत दाखवतात आणि हजारांतले आकडे पाहून मन भुलतं. मी सुरुवातीपासून एकच हिशोब ठेवला, शंभर रुपये रेक दिल्यावर हातात रोख किती परत येतात. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. एक रुपया रेकला एक पॉइंट आणि 1,000 पॉइंटचे 100 रुपये, म्हणजे परतावा दहा टक्के. एवढंच त्याचं मोल. पॉइंट देऊन रोख मिळते, खरेदीचं व्हाउचर मिळतं किंवा टूर्नामेंटचं तिकीट मिळतं. यात रोख सर्वांत चांगली. तिकिटावर 550 रुपये लिहिलेले असतात, पण एरवी ती टूर्नामेंट तुम्ही स्वतःच्या पैशाने खेळला नसता तर ते तिकीट तुमच्यासाठी 550चं नाही. वर त्याला मुदत असते, आणि नेमकी त्याच रविवारी रात्री तुमची ड्युटी असते.

लहान टेबलांवर आणखी एक अडचण आहे. तिथे कॅप क्वचितच लागते, त्यामुळे रेकचं प्रमाण मोठ्या टेबलांपेक्षा जड पडतं. दहा टक्के परताव्याची खरी गरज लहान खेळाडूलाच असते आणि पातळ्यांची रचना मात्र मोठ्या खेळाडूला जास्त देते.

पातळ्यांवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माणसं अडकतात ती इथेच. महिन्याला ठरावीक रेक दिला की तुम्ही वरच्या पातळीत जाता आणि पॉइंट दीडपट मिळू लागतात. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा तुमच्या नेहमीच्या खेळात महिन्याचा रेक 14,000 होतो, परतावा 1,400. वरच्या पातळीसाठी 20,000 लागतात. महिना संपत आला की अ‍ॅप एक पट्टी दाखवतं, तीत थोडीशीच जागा रिकामी असते, आणि ती भरावी असं वाटू लागतं. पण त्या रिकाम्या जागेची किंमत आहे 6,000 रुपयांचा जादा रेक. दीडपट दर बहुधा पुढच्या महिन्यापासून लागू होतो, म्हणजे या 6,000वर परत येतात 600. पुढच्या महिन्यात तुम्ही नेहमीसारखे 14,000वर खेळलात तर 1,400च्या जागी 2,100 मिळाले, म्हणजे 700 जास्त. मग पुन्हा खालची पातळी. एकूण 1,300 रुपयांसाठी 6,000 रेक. ज्याचा खेळ इतका पक्का आहे की रेक वजा जाताही त्या जादा तासांत तो फायद्यात राहतो, त्याने खुशाल खेळावं; त्याला पातळीची गरजही नाही. बाकीच्यांसाठी हा सरळ तोट्याचा सौदा आहे.

आमच्या शिफ्टमधला सावंतवाडीचा एक सहकारी दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात म्हणायचा, "फक्त पाच-सहा हजार उरलेत रे, एकतीस तारखेच्या आत करून टाकतो." मी त्याला हा हिशोब कागदावर मांडून दाखवला. त्याला पटला. तरी पुढच्या महिन्यात तो पुन्हा रात्री दोन-दोन टेबलं उघडून बसला आणि सकाळी पहिल्या शिफ्टला लाल डोळ्यांनी आला. त्याला मी दोष देणार नाही. ती पट्टी तशीच बनवलेली आहे, आणि तिच्यापुढे समजूतदार माणसाचाही धीर सुटतो. मला तिची खरंच चीड येते.

डिपॉझिट बोनस, म्हणजे अ‍ॅपमध्ये पैसे भरल्यावर मिळणारा बोनस, मात्र पॉइंटांपेक्षा बरा असायचा, मुदत नीट वाचली तर. बोनस एकदम मिळत नाही, रेक देत जाल तसा तुकड्यातुकड्याने सुटतो. समजा 1,000 रेकला 200 सुटतात, तर तो चालू असेपर्यंत वीस टक्के परतावा झाला, आणि त्याच रेकवर पॉइंटही मिळतात. दोन्ही मिळून तीस. मी आधी माझा महिन्याचा नेहमीचा रेक पाहायचो, मुदतीत किती बोनस सुटेल ते काढायचो आणि तेवढाच बोनस घ्यायचो.

लीडरबोर्डबद्दल थोडक्यात. ठरावीक काळात सर्वाधिक रेक देणाऱ्यांना बक्षिसं, बाकीच्यांना काही नाही. त्या बक्षिसांचा पैसाही सगळ्यांच्या रेकमधूनच येतो, म्हणजे लहान खेळाडू मोठ्याला भरवतो. शिवाय पावसाळ्यात फोंड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. जून-जुलैत अशा शर्यतीत उतरणं मला कधीच शहाणपणाचं वाटलं नाही.

करांचा भाग कंटाळवाणा आहे, पण पॉइंटांची खरी किंमत तिथेच ठरते. 1 ऑक्टोबर 2023 पासून डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला. 1,000 भरले की खेळायला 781.25 आणि सरकारकडे 218.75. अनेक कंपन्या हे 218.75 बोनस म्हणून परत द्यायच्या आणि जाहिरातीत ती मोठी सवलत दिसायची. कंपनी तो भार स्वतः उचलत होती हे खरं, पण तो पैसा कुठून तरी भरून काढावा लागतोच, आणि लॉयल्टीच्या योजना आखडत्या घेणं हा सोपा मार्ग असतो.

दुसरा टीडीएस. 1 एप्रिल 2023 पासून आयकर कायद्याच्या कलम 194बीए खाली निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कापले जायचे. निव्वळ म्हणजे काढलेल्या रकमेतून तुम्ही स्वतः भरलेली रक्कम आणि आर्थिक वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक वजा करून उरेल ती. पॉइंट मोडून मिळालेले, काढता येण्याजोगे पैसे मात्र तुम्ही भरलेले धरत नाहीत. सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) मे 2023च्या परिपत्रकात बोनस, रेफरल आणि इन्सेंटिव्ह यांचा असाच हिशोब सांगितला आहे. जे फक्त खेळण्यापुरतं आहे आणि काढता येत नाही, ते त्यात धरत नाहीत. वर्षात 20,000 भरले आणि 26,000 काढले, त्यातले 4,000 पॉइंटांचे, तर निव्वळ 6,000 धरून 1,800 कापले जातात. म्हणजे पॉइंटांच्या 4,000मधले 1,200 गेले. जो एकूण तोट्यात आहे त्याचं काही कापलं जात नाही. याचा अर्थ, फायद्यात असलेल्या खेळाडूसाठी दहा टक्क्यांचा परतावा प्रत्यक्षात सातच टक्के होता.

पॉइंटांवर भरवसा किती ठेवायचा याचं सर्वांत मोठं उदाहरण जगाने 2015 मध्ये पाहिलं. पोकरस्टार्सच्या व्हीआयपी क्लबमध्ये सुपरनोव्हा एलिट ही सर्वांत वरची पातळी होती. त्यासाठी एका कॅलेंडर वर्षात दहा लाख व्हीपीपी (तिथले पातळी ठरवणारे पॉइंट) लागायचे आणि डॉलरला साडेपाच पॉइंट या दराने ते जमवायला साधारण 1 लाख 80 हजार डॉलरचा रेक द्यावा लागे. लोकांनी घरदार विसरून त्यासाठी खेळ केला, कारण एका वर्षी पातळी गाठली की पुढचं वर्षभर तिचे फायदे मिळत. 2014 मध्ये कॅनडाच्या अमाया कंपनीने 4.9 अब्ज डॉलरला पोकरस्टार्सची कंपनी घेतली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये जाहीर केलं की 2016 पासून हे फायदे मोठ्या प्रमाणात कमी होणार. वर्षभराचा रेक देऊन झाला होता. खेळाडूंनी 1 ते 3 डिसेंबर या दिवसांत टेबलांवर न बसण्याचा संप केला, पण निर्णय बदलला नाही. 2017 मध्ये आलेल्या नव्या योजनेत पॉइंटांची पट्टी भरली की पेटी उघडायची, आणि तिच्यातून किती निघेल ते नशिबावर. ज्या खेळात कौशल्याने नशिबावर मात करायची, त्याच्याच परताव्यात पुन्हा नशीब आणलं, हे मला आजही चुकीचं वाटतं.

आमच्याकडे शेवट झाला तो चवथीच्या आठवड्याआधी. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत मंजूर झालं आणि 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा, पैसे लावून चालणारा ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चवथ 27 ला होती, तोवर टेबलं बंद झालेली. वॉलेटमधली रोख काढता आली आणि ती माझ्या खात्यात आलीही. पॉइंट आणि न सुटलेला बोनस मात्र गेला. ग्राहक सेवेला विचारलं तर उत्तर म्हणून अटींमधलं एक वाक्य आलं: पॉइंटांना रोख मूल्य नाही आणि योजना कधीही बंद करता येते. वाक्य आधीपासून तिथे होतं. तरी ज्या खेळाडूंनी त्या पॉइंटांसाठी रेक दिला, त्यांना मोडून घ्यायला चार दिवस द्यायला काय हरकत होती? माझं नुकसान कमी झालं, कारण मी दर आठवड्याला पॉइंट मोडून रोख करत होतो. सावंतवाडीच्या सहकाऱ्याने मात्र मोठ्या टूर्नामेंटच्या तिकिटासाठी साठवले होते. ते सगळे बुडाले.

कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. दरम्यान व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर एजंटांचे संदेश येऊ लागले आहेत, परदेशी साइट, साठ टक्के रेकबॅक (दिलेल्या रेकचा परतावा), पहिल्या डिपॉझिटवर तिप्पट बोनस. इथे पॉइंटांच्या टक्केवारीचा हिशोबच लागू होत नाही, कारण मुद्दल परत मिळण्याची खात्री नाही. पैसे एजंटाच्या खात्यात जातात, पावती नाही, टीडीएसची नोंद नाही, आणि अडकले तर तक्रार करायला जागा नाही. कृपा करून तिकडे जाऊ नका.

ज्यांनी 2025 च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये खेळून पैसे काढले, त्यांनी फॉर्म 26एएस (कापलेल्या कराची नोंद) उघडून 194बीए खाली कापलेली रक्कम अ‍ॅपच्या विवरणाशी ताडून पाहा; पॉइंट मोडून घेतलेली रक्कम त्यात धरलेली असेल. हे उत्पन्न दाखवायला आयटीआर-1 चालत नाही, पगारदाराने आयटीआर-2 घ्यावा. त्यावर सरसकट 30 टक्के कर आहे आणि दुसरीकडचा तोटा त्यातून वजा करता येत नाही. अ‍ॅप उघडत असेल तोवर व्यवहारांचं विवरण उतरवून ठेवा, माझं मी ईमेलवर मागवून घेतलं.