आईला टॅबलेट, बाबांना क्रोमबुक

इंदूरला रामबागेतल्या घरी आईची मागणी साधी: पुण्यातल्या नातीशी व्हिडिओ कॉल, कीर्तनं आणि विजेचं बिल. जेल रोडवरचा दुकानदार मात्र महागडा लॅपटॉप गळ्यात मारायला बसला होता.

टॅबलेट उचलला की सुरू. अक्षरं मोठी करता येतात, मराठी बोललं की टाइप होतं, सिमवाला घेतला तर वायफायही नको. स्वस्त टॅबलेटचे अपडेट मात्र लवकर थांबतात, मग बँकेचं ॲप कुरकुरू लागतं.

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. त्याला खरा कीबोर्ड, आणि अपडेट आपोआप. २०२१ पासूनच्या मॉडेलांना १० वर्षं मिळतात, पण ती मोजायची मूळ मॉडेल बाजारात आल्यापासून, आपण पैसे दिल्यापासून नव्हे! सेलमधलं घेताना सेटिंगमध्ये अपडेटची शेवटची तारीख बघाच. काही बिघडलं तर 'पॉवरवॉश' करून कोरं करायचं. गूगल ड्राइव्हवरचं टिकतं, मशीनवर उतरवलेलं जातं. विंडोजचं नेहमीचं सॉफ्टवेअर मात्र यावर चालत नाही.

आईने माउसला हातही लावला नाही, तिला टॅबलेटच. बाबा सोसायटीचा हिशेब शीटमध्ये ठेवतात, बोटाने आकडे भरताना चिडतात. त्यांच्यासाठी क्रोमबुक, तेही टचस्क्रीनशिवाय, म्हणजे थोडं स्वस्त.