तीन महिन्यांत हिरवी भिंत देणारे आले तर आधी पिशवी उपडी करून पाहा

मागच्या अंगणात जाळी उभारून वेल चढवायचा विचार असेल आणि कोणी 'सगळं आमच्याकडं सोडा, तीन महिन्यांत शेजारी दिसणार नाही' म्हणत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. मी नागपुरात, मनीष नगरच्या पुढे बेसा रोडच्या बाजूला राहतो. या कामात आमचे ५८ हजार गेले.

शेजाऱ्यांचा बाहेरचा जिना आमच्या वॉल कंपाउंडला खेटून आहे. आईनं वाळवण घातलं की जिन्यावरून आवाज यायचा, "यंदा कुरडया कमीच केल्या काय काकू?" तेवढं चालून गेलं असतं. पण पुढं अंगणात कोण आलं, मोटर किती वेळ चालली, सगळ्याची नोंद व्हायला लागली आणि एकदा तर मोबाइल धरून शूटिंग. बोलून झालं, चार लोकांनी समजावून झालं. पक्की भिंत उंच करायची तर परवानगी आली आणि पहिली तक्रार त्यांचीच असणार होती. म्हणून वेल.

ओळखीतून एक माणूस आला. छापील कार्ड, मोबाइलमध्ये बगिच्यांचे फोटो. मोजपट्टी त्यानं जेमतेम लावली, चौकशी सगळी शेजाऱ्यांची. कुठं उभे राहतात, किती वाजता, भांडण कशावरून झालं. मग म्हणाला, "भाऊ, तो तर तुमच्या घरातच पाहून राहिला ना! दिवाळीपर्यंत डोक्याचा केस दिसणार नाही त्याचा." भांडणानं वैतागलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही आणि त्याला घाई असते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ठरलं असं : चाळीस फूट लांब, सात फूट उंच जाळी, एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये, आणि पाच फुटी तयार मधुमालती. पैसे तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता जाळी हिरवी झाल्यावर. ही अट त्यानं स्वतःहून घातली, आणि हीच खरी मेख होती.

जूनअखेर काम झालं. पावसाळ्यात वेल असे सुटले की गणपतीला आलेले पाहुणे फोटो काढत होते. सप्टेंबरात त्यानं शेवटचा हप्ता नेला, फोटोही काढून नेले. डिसेंबरात पानं पिवळी पडली. "थंडीत झडतातच भाऊ, मधुमालतीचं असंच असतं," हे फोनवर. यात थोडं तथ्य असल्यामुळं माणूस गप्प बसतो. मधुमालतीची पानं हिवाळ्यात विरळ होतात, पण वेल मरत नाही. आमच्याकडं जानेवारीत जाळीवर नुसती वाळकी सुतळी लोंबत होती.

मधुमालती म्हणून लावलेली एक काडी ओढली तर ती नुसत्या दोन बोटांत वर आली. खालचं टोक विळ्यानं तिरकं छाटलेलं, काळं पडलेलं, मुळाचा एक धागा नाही. म्हणजे कुठल्या तरी जुन्या वेलाच्या लांब फांद्या तोडून आदल्या दिवशी पिशवीत खोचल्या होत्या. पावसाच्या ओलीवर त्या काही दिवस हिरव्या राहिल्या, आणि त्याच खड्ड्यात त्यानं मॉर्निंग ग्लोरीचं बी टाकलं होतं. हा वेल हंगामी. पावसात धावत सुटतो, फुलतो, बी धरतो आणि सुकतो. शेवटचा हप्ता येईपर्यंत टिकला की त्याचं काम झालं. महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सप्टेंबरचे फोटो पाहिल्या पाहिल्या सांगितलं.

ओळखायचं कसं, तेही त्यांनीच दाखवलं. मधुमालतीची पानं देठावर समोरासमोर, जोडीनं येतात. जुनं पान गळलं की देठाचा बुडखा काट्यासारखा राहतो, वेलावरून बोट फिरवलं की टोचतो. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी आणि पुढं लाल होतं. मॉर्निंग ग्लोरीची पानं एकाआड एक असतात, बहुतेक बदामाच्या आकाराची, आणि कोवळा देठ तोडला तर पांढरा चीक येतो. रोप घेताना निदान दोन-चार पिशव्या उपड्या करून पाहा. मातीचा गोळा मुळांनी धरलेला हवा. सगळी माती भसकन खाली आली तर ते रोप नाही, काडी आहे. पाच फुटी काडीपेक्षा मुळं धरलेलं दीड फुटी रोप केव्हाही बरं, आणि ते स्वस्तही पडतं.

पाइपातही हात मारलाच होता. साध्या लोखंडी पाइपाला चंदेरी रंग मारून जीआय म्हणून उभा केला होता. पहिल्याच पावसात जोडांपाशी गंज ओघळला, तर म्हणे वेल्डिंगची जागा आहे, तिथं येणारच. लोहचुंबक लावून काही कळत नाही, दोन्हींना चिकटतं. कानशीनं खरवडा, रंग असेल तर पापुद्रा निघतो. आणि वजन करा. एक इंची बी क्लास, म्हणजे मधल्या जाडीच्या, पाइपाची सहा मीटरची लांबी साडेचौदा किलोच्या आसपास भरायला हवी. आमची कोणीही एका हातानं उचलत होतं.

खांबांचं तर विचारूच नका. दोन फूट म्हणाला आणि वीतभर गाडले. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात वीतभर खांब उभा राहतो होय? मार्चपासून जाळी कलायला लागली, तीही नेमकी जिन्याकडं. त्यावरून शेजाऱ्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या भांडणातच कळलं, की या बहाद्दरानं त्यांनाही सोडलेलं नव्हतं. आमचं काम चालू असतानाच भिंतीपलीकडं जाऊन सांगून आला होता, "यांच्या वेलांनी तुमच्या भिंतीला उधई लागणार, साप येणार," आणि जिन्याखाली उधईचं औषध मारायचे रोख पैसे घेऊन गेला होता. निदान आता तरी दोन्ही घरं मिळून तक्रार करतील असं मला वाटलं. मी पावती मागितली तर म्हणाले, "तुमच्या लफड्यात आम्हाला ओढू नका."

मग एकट्यानंच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. कामासाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी माहिती हवी तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. आमच्याकडं ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद आणि त्याचे मेसेज होते, म्हणून केस उभी राहिली. तुमच्या बिलावर वेलाचं शास्त्रीय नाव, पाइपाचा क्लास आणि खांबाची खोली लिहून घ्या. शेवटचा हप्ता हिरवाईवर नको, पुढच्या पावसाळ्यावर ठेवा. हे मान्य नसलेला माणूस तिथंच पळतो.

सध्या जाळी सरळ करून तिच्यावर ९० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधली आहे. दिसायला कामचलाऊ आहे, पण जिन्यावरची नजर त्याच दिवशी अडली. तिच्या आडोशाला खात्रीची मधुमालती हळूहळू चढते आहे. उन्हाच्या बाजूला बोगनवेल लावली, तिला आपला मे महिना मानवतो.

तो माणूस अजून फिरतो आहे, नवं नाव आणि नवं कार्ड घेऊन. त्याच्या फोटोंमध्ये एक गर्द हिरवी जाळी आहे, डाव्या कोपऱ्यात काळी पाण्याची टाकी आणि तिच्यावर वाळत घातलेली लाल चटई. ते आमचं अंगण आहे. फोटो सप्टेंबरचा आहे. त्याला जानेवारीतला मागा.