निकोटीन गम (२ एमजी, मिंट): चवीला बेकार, कामाला चांगला

ऑफिसखालच्या टपरीवर चहा म्हटलं की सुट्टा आलाच, तो सुटेना म्हणून मेडिकलमधून हा गम आणला. २ एमजीला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, ४ ला लागते.

मिंट फक्त नावाला. दोनचार चावे मारले की मिरी फोडल्यासारखी झणझण होते, आणि तिथेच चावणं थांबवून गम गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. निकोटीन तोंडातूनच शोषलं जायला हवं, थुंकीबरोबर पोटात गेलं की वाया, वर उचकी आणि जळजळ फुकट. साध्या च्युइंगमसारखा चघळतात आणि मग एक स्टार देऊन मोकळे होतात लोक. आणि हो, चहा-कॉफी-कोल्ड्रिंकनंतर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर लागत नाही. म्हणजे टपरीवर, जिथे तलफ सगळ्यात जास्त, तिथेच याची पंचाईत. हा खरा तोटा.

आता सगळे विचारतात, याने कॅन्सर टळतो का. अहो, निकोटीन व्यसन लावतं, फुप्फुसाची वाट लावतो तो धूर, आणि गममध्ये धूर नाही. पण फळ उशिरा मिळतं. पूर्ण सोडल्यावर साधारण १० वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. २० च्या १० केल्या म्हणून निम्मा होत नाही बरं का, किती वर्षं ओढली ते जास्त नडतं. अमेरिकेत १९६४ ला सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरचा, सिगारेटने कॅन्सर होतो असं सांगणारा रिपोर्ट आला, नंतर पुरुषांची सिगारेट कमी होत गेली, तरी फुप्फुसाच्या कॅन्सरने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण खाली यायला १९९० उजाडलं. बायकांनी सिगारेट उशिरा धरली, त्यांचा आकडा आणखी उशिरा उतरला. आपल्याकडे गॅट्स या तंबाखूच्या सवयींच्या सर्व्हेत २००९-१० ला १४ टक्के मोठी माणसं ओढत होती, २०१६-१७ ला १०.७, त्याचा पूर्ण हिशोब २०४० च्या आसपास दिसेल. तरुण पोरं आज काय धरतात त्यावर त्याच्या पुढचा.

चार स्टार, एक चवीचा कापला. नुसत्या गमवर राहू नका, सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणारा हेल्पलाइन नंबर फुकट आहे, त्यावर पण फोन लावा. कवळी असेल तर मात्र घेऊ नका, चिकटतो.