नवी हाउस-टेक्नो रेकॉर्ड घ्यायची कशी: तबकडी, बँडकॅम्प, बीटपोर्ट की नुसतं स्ट्रीमिंग?

एखाद्या छोट्या लेबलची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीची, नवी ईपी (मोजक्या ट्रॅकची रेकॉर्ड) आली, क्लिप ऐकली, बेसलाइन डोक्यात बसली. आता ती घ्यायची कशी? हाउस आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या दुनियेत याला चार उत्तरं आहेत: बारा इंची तबकडी (विनाइल), लेबलं थेट श्रोत्यांना विकतात त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावरची फाइल, बीटपोर्टसारख्या डीजेंच्या दुकानातली फाइल, किंवा स्ट्रीमिंगचं मासिक सदस्यत्व. चारही मी वापरतो, पण चौघांना एका रांगेत बसवत नाही. लोक आवाजाच्या दर्जावरून हमरीतुमरीवर येतात. माझ्या लेखी तो नंतरचा मुद्दा. आधी हे ठरवा: हा ट्रॅक तुम्ही मिक्स करणार आहात का, म्हणजे डीजेसारखा दुसऱ्या ट्रॅकला जोडून सलग वाजवणार आहात का? काही वर्षांनी तो तुमच्याकडे असायलाच हवा का? आणि तुमच्या पैशातला किती भाग लेबलपर्यंत पोचलेला तुम्हाला चालेल?

तिसरा प्रश्न उगाच नाही. हे संगीत मोठ्या कंपन्यांच्या आसऱ्याने वाढलेलंच नाही. डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्सने १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स हे स्वतःचं लेबल काढलं, पाठोपाठ डेरिक मेचं ट्रान्समॅट आणि केव्हिन सॉन्डरसनचं केएमएस आलं. बर्लिनमध्ये मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांचं बेसिक चॅनल १९९३ चं. ज्याने ट्रॅक बनवला त्यानेच तो छापायचा आणि खोक्यात भरून दुकानांकडे पाठवायचा, ही रीत तेव्हापासूनची. आजचं छोटं लेबल म्हणजेही बहुतेकदा दिवसा दुसरी नोकरी करणारी एक-दोन माणसंच असतात. त्यामुळे तुम्ही कुठून खरेदी करता, यावर पुढची रेकॉर्ड निघणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं.

तबकडी

बारा इंची तबकडीची खरी ताकद तिच्या रुंदीत आहे. एका बाजूला एकच ट्रॅक आणि वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांचा असेल, तर खाचांना ऐसपैस जागा मिळते, आवाज मोठा कोरता येतो आणि किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, छातीवर येते. तोच ट्रॅक ३३ च्या वेगात आणखी दोघा-तिघांसोबत एका बाजूवर कोंबला की खाचा बारीक होतात, पातळी खाली येते. शिवाय सुई जसजशी मध्याकडे सरकते तसतशी हाय-हॅट या झांजांची धार बोथट होते. म्हणून तबकडी मागवण्याआधी मी पहिल्यांदा पाहतो ती बाजूंची वाटणी. दोन बाजू, दोन ट्रॅक, ४५: बेलाशक घ्या. एका बाजूला सात-सात मिनिटांचे तीन ट्रॅक: फाइल घ्या आणि पैसे वाचवा.

यात, छपाईआधी मूळ चकतीवर खाचा कोरणाऱ्या इंजिनिअरचा हात मोठा असतो. खोल बेस डावी-उजवीकडे पसरलेला असेल तर सुई उडते, म्हणून तो मध्यावर, मोनोत आणावा लागतो. टोकदार झांजांना आवर घालावा लागतो. बर्लिनचा डबप्लेट्स अँड मास्टरिंग स्टुडिओ १९९५ पासून याच कामासाठी नावाजलेला आहे. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा आणि लेबलच्या कागदाभोवतीची गुळगुळीत पट्टी पाहा. तिथे हाताने कोरलेला क्रमांक दिसेल, कधी इंजिनिअरची आद्याक्षरं, कधी एखादं खोडकर वाक्य. तशीच तिरकी धरून खाचांवर नजर फिरवली की जिथे किक थांबते तो पट्टा वेगळा चमकतो. ब्रेकडाउन कुठे आहे हे डीजे अंधाऱ्या बूथमध्ये टॉर्च मारून असंच ओळखत आले आहेत. पडद्यावरचा वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) त्याहून सोयीचा आहे हे मान्य, पण ही मजा त्यात नाही.

आता दुसरी बाजू. अशा रेकॉर्डच्या प्रती तीनशे-पाचशेच निघतात आणि नावाजलेलं लेबल असेल तर काही दिवसांत संपतात. पोस्टखर्च कधीकधी रेकॉर्डच्या किमतीला भिडतो, परदेशातून मागवली तर सीमाशुल्क वेगळं. आगाऊ पैसे भरून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते ती निराळीच, कारण छपाईचे कारखाने मोजके आणि मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी अवाढव्य. ही साखळी किती नाजूक आहे ते २०२० मध्ये दिसलं. कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारीत जळाला आणि कोरण्यासाठी लागणाऱ्या लॅकर चकत्या बनवणारा जपानमधला एकच मोठा उत्पादक उरला.

त्यात छपाईची लॉटरी. मधलं भोक केसभर जरी सरकलेलं असलं तरी लांबवलेला कॉर्ड डोलायला लागतो. नुसत्या ड्रमच्या टेक्नोत ते खपून जातं. डीप हाउस या संथ, सुरेल प्रकारातल्या रोड्स इलेक्ट्रिक पियानोच्या सुरांवर ते असह्य होतं. बॉक्स उघडल्या उघडल्या शांत, सूर धरून ठेवणारा भाग आधी वाजवून पाहा. तक्रार करायची तर दुकानांची मुदत असते.

मग तबकडी घ्यावी कुणी? ज्याच्याकडे धड टर्नटेबल आणि बऱ्यापैकी सुई आहे आणि ज्याला ती रेकॉर्ड वर्षानुवर्षं वाजवायची आहे, त्याने. आणि जिथे पर्यायच नाही तिथे. १९९७ पासून चालू असलेलं पर्लॉन हे लेबल डिजिटल फाइली विकण्यापासून वर्षानुवर्षं लांब राहिलं. तबकडीच्या मधल्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर नुसता रबरी शिक्का मारून ‘फक्त विनाइल’ म्हणून रेकॉर्ड काढणारी छोटी लेबलं आजही आहेत. यातली काही खरोखर जिव्हाळ्यापोटी तसं करतात. काही टंचाई हेच भांडवल करतात, आणि ट्रॅक दोनदा ऐकला की कोण कुठल्या गटातलं ते कळतं.

बँडकॅम्प

फाइल घ्यायची असेल तर मी आधी इथे बघतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणाचा हिशोब सरळ आहे: डिजिटल विक्रीवर १५ टक्के, लेबलची विक्री ५,००० डॉलरच्या पुढे गेली की १० टक्के, तबकडी-टीशर्टवर १० टक्के. पैसे भरण्याच्या यंत्रणेचं शुल्क वगळता उरलेलं लेबलकडे जातं. ट्रॅक आधी पूर्ण ऐकता येतो. एकदा पैसे दिले की एमपी३ किंवा मूळ दर्जा राखणाऱ्या फ्लॅक, वेव्ह, एआयएफएफ यांतला हवा तो प्रकार त्याच किमतीत मिळतो. तबकडी घेतली तर सहसा फाइलही सोबत येते. थोडक्यात, तबकडी की फाइल हा वाद इथे पुष्कळदा उद्भवतच नाही.

बँडकॅम्प फ्रायडेच्या, म्हणजे आधी जाहीर केलेल्या काही शुक्रवारांच्या, दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. अशा पहिल्या शुक्रवारी, २० मार्च २०२० ला, श्रोत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. तेव्हापासून लेबलं आपल्या नव्या रेकॉर्डी मुद्दाम त्याच शुक्रवारी काढतात. परिणामी त्या दिवशी इनबॉक्समध्ये इतकी भाऊगर्दी होते की चांगली रेकॉर्ड नजरेतून निसटते. माझी पद्धत अशी: महिनाभर विशलिस्टमध्ये टाकत राहायचं, घ्यायच्या आदल्या दिवशी सगळं पुन्हा ऐकायचं. निम्मं आपोआप गळतं.

उणिवा आहेत. ट्रॅकचा वेग आणि सूर बहुधा लिहिलेला नसतो, तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काढावा लागतो. टॅग लेबलनेच लावायचे असल्याने ‘टेक्नो’च्या टॅगखाली काय वाट्टेल ते सापडतं. मालकीही बदलत राहिली आहे: २०२२ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने ते विकत घेतलं, २०२३ मध्ये संगीताचे परवाने विकणाऱ्या साँगट्रेडरला विकलं, आणि त्या व्यवहारात सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना नव्या मालकाने कामावर घेतलं नाही. म्हणून घेतलेली फाइल ‘माझ्या संग्रहात आहे’ म्हणून तिथेच ठेवू नका. त्याच दिवशी उतरवा, दोन ठिकाणी ठेवा.

बीटपोर्ट आणि त्याच्यासारखी दुकानं

बीटपोर्ट २००४ चं, मूळ डेन्व्हरचं आणि पहिल्यापासून डीजेंसाठी बांधलेलं. बीपीएम (मिनिटाला किती ठोके), सूर, प्रकार, लेबल, तारीख असं सगळं व्यवस्थित भरलेलं. शनिवारी वाजवायचं आहे आणि गुरुवारी दहा ट्रॅक हवेत, तर याच्याइतकं झटपट काही नाही.

पण छोट्या लेबलांच्या शोधात असाल तर इथले टॉप १०० तुम्हाला चकवतील. यादीत वर जाणारा माल बहुतांशी मोठ्या मंचावर हमखास चालणारा असतो. आठ मिनिटं हळूहळू उलगडणारा, एकाच कॉर्डवर झुलणारा ट्रॅक तिथे वर येणं कठीण. मूळ किमतीत एमपी३ मिळते, वेव्ह किंवा एआयएफएफसाठी जादा मोजावे लागतात. लेबल तिथे वितरकामार्फत पोचतं, त्यामुळे वाटेकरी वाढतात. २०१५ मध्ये मालक कंपनी एसएफएक्स आर्थिक गर्तेत गेली तेव्हा लेबलांची देणी अडकली होती. आज मालक वेगळे आहेत, पण दुकान आणि कलाकार यांच्यात जितके टप्पे जास्त, तितका असा धोका जास्त. याच जातीत जुनो डाउनलोड मला उजवं वाटतं, कारण आडवाटेच्या लेबलांचा माल तिथे बराच असतो आणि शोधताना यादी अंगावर येत नाही.

स्ट्रीमिंग

ऐकायला सोयीचं, शोधायला उत्तम, या संगीताच्या अर्थकारणाला मात्र मुळीच न मानवणारं. कारण साधं आहे. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो, मग ट्रॅक दोन मिनिटांचा असो वा अकरा. छोटी छोटी पॉप गाणी करणाऱ्याला हे फायद्याचं. दहा मिनिटांचा टेक्नो ट्रॅक तेवढ्याच वेळात एकदाच मोजला जातो. त्यातून २०२४ पासून नियम असा की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० प्ले नसतील तर त्या ट्रॅकला वाटा शून्य. तीनशे प्रतींच्या रेकॉर्डची बी-बाजू तिथे हजारावर पोचेलच, असं कोण छातीठोकपणे सांगेल?

तरीही मी सदस्यत्व सोडलेलं नाही. एखाद्या निर्मात्याची जुनी कामं क्रमाने ऐकायला आणि लेबलचा एकूण कल कळायला याला तोड नाही. फक्त तिथे ऐकलं म्हणजे लेबलला पाठिंबा दिला, असं मनाचं समाधान करून घेऊ नये.

आवाजाचं काय?

आता हा वाद. घरातल्या साध्या स्पीकरवर ३२० केबीपीएसची, म्हणजे वरच्या दर्जाची, एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेकांना डोळे मिटून सांगता येत नाही. मोठ्या क्लब सिस्टीमवर, त्यातही वेग कमी-जास्त करून वाजवताना, मूळ दर्जाची फाइल हाताशी असलेली बरी. तबकडी आणि फाइल वेगळी ऐकू येतात याचं निम्मं कारण म्हणजे दोघांसाठी मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) बहुधा वेगळं केलेलं असतं. फाइल कधीकधी जास्त दाबलेली, सलग मोठ्याने बोलणारी असते. कोरण्यासाठीच्या मास्टरला थोडा श्वास राखावाच लागतो. माझा कौल असा: गायलेले सूर, ऑर्गन, गोल बेस असलेल्या हाउसला तबकडी खुलते. दाट, वेगवान, तळाला सतत घुमणारा सब-बेस असलेल्या टेक्नोला फाइल न्याय देते.

तर मग काय घ्यायचं

तुम्ही फक्त ऐकणारे असाल, तर शोध स्ट्रीमिंगवर आणि खरेदी बँडकॅम्पवर. नुकतंच मिक्सिंग शिकताय? मग तबकड्यांच्या मोहात लगेच पडू नका. सुई, ती बसवायचं कार्ट्रिज, तबकडीखालची स्लिपमॅट, पोस्टखर्च यांत जे जातं त्यात पन्नासएक चांगले ट्रॅक येतात, आणि शिकताना हाताशी ट्रॅक भरपूर लागतात. निकडीपुरतं बीटपोर्ट किंवा जुनो. टर्नटेबल आधीच घरात असेल तर तबकडी लेबलच्या बँडकॅम्प पानावरून घ्या, म्हणजे फाइलही मिळेल आणि मधला दलालही टळेल.

काहीही घ्या, निवड मात्र चांगल्या रेकॉर्ड-दुकानाच्या नव्या मालाच्या यादीवरून करा. बर्लिनचं हार्ड वॅक्स १९८९ पासून आहे आणि प्रत्येक रेकॉर्डखाली ते जेमतेम एक ओळ लिहितात. जाहिरात नाही, विशेषणांची आतषबाजी नाही. फारच आवडली तर शेवटी ‘टिप!’. आठवड्याला शेकडो रेकॉर्डी निघत असताना, त्या ऐकून नाकारण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं असणं ही मोठी गोष्ट आहे. दोन-तीन दुकानांच्या याद्या नियमित चाळा, कुणाचे कान तुमच्या कानांशी जुळतात ते लवकरच उमगेल. फाइल त्याच लेबलच्या पानावरून घेतलीत तरी, जमेल तेव्हा एखादी तबकडी त्या दुकानातूनही मागवा.

आणि हवी असलेली रेकॉर्ड संपलेली असेल, जुन्या रेकॉर्डी विकल्या जातात त्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर कुणीतरी ती चौपट भावाने लावून बसला असेल, तर हात आवरा. लेबलला दोन ओळींचा मेल टाका आणि पुन्हा छापणार आहात का विचारा. कधी होकार येतो, कधी कपाटामागे राहिलेल्या चार प्रतींतली एक निघते, आणि ‘फक्त विनाइल’ म्हणणारा एखादा फाइलच पाठवून मोकळा होतो.