७ मिमी-०८ रेमिंग्टन : धक्का सोसवेल अशी एकच रायफल घ्यायची असेल तर

मध्यम आणि मोठ्या सावजासाठी एकच रायफल घ्यायची आहे आणि तिचा धक्का खांद्याला सहज सोसवला पाहिजे, तर कॅलिबर (नळीच्या छिद्राचा व्यास, आणि त्यावरून काडतुसाचा प्रकार) कोणते घ्यावे, असे नवे शिकारी मला वारंवार विचारतात. गेली बारा वर्षे मी प्रत्येक हंगामात ७ मिमी-०८ रेमिंग्टन हेच काडतूस वापरत आलो आहे. माझे उत्तरही तेच असते, मात्र त्यामागची कारणे आणि या काडतुसाच्या मर्यादा दोन्ही सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

माझी पहिली रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नम या जोरकस काडतुसाची होती (टिंबाने सुरू होणारे असे आकडे इंचांत असतात). मोठ्या सावजाला मोठेच काडतूस हवे, असे दुकानदाराने सांगितले आणि मी ते मानले. पहिल्या वीस बारांनंतर खांदा दुखला, तो आठवड्याभरात बराही झाला. परंतु चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटण्याची आणि खांदा पुढे ढकलण्याची जी सवय जडली, ती दोन वर्षे सुटली नाही. त्याच काळात एका नर हरणाला माझी गोळी छातीऐवजी पोटात लागली आणि अंधार पडेपर्यंत माग काढूनही ते सापडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेलेले आढळले. त्या प्राण्याने रात्रभर जे सोसले, त्याला काडतुसातील शक्तीची कमतरता नव्हे, तर शक्तीला घाबरलेला माझा हात कारणीभूत होता, आणि कॅलिबरचा विचार मी तेव्हापासून याच बाजूने करतो.

धक्का किती बसणार हे तीन गोष्टी ठरवतात : गोळीचे वजन आणि वेग, दारूचे प्रमाण व रायफलचे वजन. नळीतून केवळ गोळीच बाहेर पडत नाही; जळलेल्या दारूचा वायूही गोळीपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडतो आणि रायफलला मागे रेटतो, म्हणून जास्त दारूचे काडतूस खांद्याला अपेक्षेपेक्षा जड वाटते. दुर्बिणीसह सुमारे ३.६ किलो वजनाच्या रायफलमध्ये १४० ग्रेनच्या (सुमारे ९ ग्रॅमच्या) गोळीचे ७ मिमी-०८ साधारण १७ ज्यूल ऊर्जेचा धक्का देते. तेवढ्याच वजनाच्या रायफलमध्ये १८० ग्रेनच्या गोळीचे .३०-०६ स्प्रिंगफील्ड सुमारे २७ ज्यूल देते, तर .३०० मॅग्नम थोड्या जड रायफलमधूनही ३५ च्या आसपास जाते. हे आकडे काडतुसातील दारू आणि गोळीनुसार थोडेफार बदलतात, परंतु त्यांचा क्रम बदलत नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेक नेमबाजांचा नेम साधारण २० ज्यूलच्या पुढे हळूहळू बिघडू लागतो, असे मी पाहिले आहे, आणि ७ मिमी-०८ त्या रेषेच्या अलीकडेच राहते.

या काडतुसाचे कूळही समजून घेण्यासारखे आहे. १९५२ साली बाजारात आलेल्या .३०८ विंचेस्टरच्या पितळी कवचाची मान ७ मिमी गोळीसाठी अरुंद केली की हे काडतूस तयार होते. हौशी कारागीर ते आधीपासून करतच होते, १९८० मध्ये रेमिंग्टनने त्याला कारखान्यात तयार होणाऱ्या काडतुसाचे रूप दिले. १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची गोळी ते सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने फेकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ७×५७ माउझरची कामगिरी जवळपास अशीच होती. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी रायफल याच ७×५७ काडतुसाची होती, केवळ नाव इंग्रजी होते. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या हत्तींच्या शिकाऱ्यांनी याच काडतुसाने मोठ्या संख्येने हत्ती मारले, हा दाखला लहान कॅलिबरच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो. मला तो धोकादायक वाटतो, कारण ते न पसरणारी पूर्ण आवरणाची गोळी वापरत आणि हत्तीच्या मेंदूची नेमकी जागा त्यांना असामान्य अचूकतेने ठाऊक होती. तो त्या माणसाच्या हाताचा गुण होता, काडतुसाचा नव्हे.

मध्यम सावजावर, म्हणजे हरीण, रानडुक्कर किंवा रानमेंढ्यावर, या काडतुसाबद्दल मला एकही तक्रार नाही. साधी शिशाच्या टोकाची १४० ग्रेनची गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली की प्राणी क्वचितच शंभर पावलांपलीकडे जातो. खरा विचार मोठ्या सावजाचा करावा लागतो. वापिती या उत्तर अमेरिकेतील मोठ्या हरणाचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या पुढे जातो, मूस हे सर्वांत मोठे हरीण त्याहूनही जड असते, आणि तिथे कॅलिबरपेक्षा गोळीची बांधणी अधिक महत्त्वाची ठरते. मऊ गोळी खांद्याच्या हाडावर फुटून विखुरली, तर ती फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नाही. याच अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकेतील गोळी-निर्माते जॉन नॉस्लर यांनी मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडभिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली, आणि तिचा पुढचा भाग पसरला तरी मागचा भाग अखंड राहून आत शिरतो. पूर्ण तांब्याच्या गोळ्या तर जवळजवळ सगळे वजन टिकवतात; मात्र तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि वेग फार उतरला की ती नीट पसरत नाही. म्हणून मोठ्या सावजावर मी २५० मीटरच्या पलीकडे बार टाकत नाही.

स्वीडनचा नियम या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे. मूसच्या शिकारीसाठी तिथे ९ ते १० ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर किमान २७०० ज्यूल ऊर्जा लागते, पण गोळी १० ग्रॅम किंवा अधिक असेल तर २००० ज्यूल पुरतात. गोळी जड असेल तर कमी ऊर्जेतही ती खोल जाते, हा अनुभव त्या नियमात स्पष्ट दिसतो. ७ मिमी-०८ मध्ये १४० ग्रेनची गोळी पहिली अट पूर्ण लांबीच्या नळीतून पार करते, आखूड नळीत मात्र ती काठावर येते. १६० ग्रेनची गोळी, जी दहा ग्रॅमहून थोडी जड भरते, दुसरी अट आरामात पूर्ण करते.

प्रतिस्पर्ध्यांपैकी ६.५ क्रीडमोर सर्वांत जवळचे आहे. २००७ मध्ये हॉर्नाडीने आणलेले हे काडतूस धक्क्याला किंचित हलके आहे आणि लांब पल्ल्यावर वाऱ्याला कमी दाद देते. तुमचे सावज प्रामुख्याने हरीण असेल तर ते घेण्यात काहीच गैर नाही. ७ मिमी गोळीच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र त्याच्यापेक्षा सुमारे १५ टक्के अधिक असते, आणि मोठ्या सावजासाठी मला तो फरक हवासा वाटतो. जुने ६.५×५५ स्वीडिश अजूनही उत्तम आहे. .२४३ विंचेस्टर (सुमारे ६.२ मिमी) धक्क्याला सर्वांत सौम्य, पण मोठ्या सावजासाठी मी ते सुचवणार नाही. जर्मनीत रो या लहान हरणाहून मोठ्या खुरी सावजासाठी किमान ६.५ मिमी कॅलिबर कायद्यानेच लागते. .३०८ बद्दल एवढेच म्हणेन की, ज्यांना त्याचा धक्का सोसतो त्यांनी बदलण्याची गरज नाही.

आता दोष सांगतो. काडतुसे .३०८ किंवा ६.५ क्रीडमोरइतकी सर्वत्र मिळत नाहीत, आणि मिळाली तरी बहुतेक वेळा १४० ग्रेनचीच असतात; जड गोळी हवी असेल तर आधीच शोधून साठा करावा लागतो किंवा काडतुसे स्वतः भरावी लागतात. काडतूस आत सरकवणाऱ्या रायफलच्या आखूड यंत्रणेमुळे फार लांब गोळी कवचात खोल बसवावी लागते आणि दारूची जागा कमी होते. तिसरा दोष काडतुसाचा नाही, पण त्याच्या नावावर खपतो : ‘डोंगरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अतिहलक्या रायफली. ३.६ किलोंऐवजी २.७ किलोंची रायफल घेतली, तर तेच १७ ज्यूल जवळपास २३ होतात, आणि ज्या कारणासाठी हे कॅलिबर निवडले ते कारणच उरत नाही. अशा रायफलवर नळीच्या टोकाला ब्रेक, म्हणजे वायू बाजूला वळवणारे तोंड, लावण्याचा सल्ला मिळतो. धक्का त्याने खरोखरच घटतो, परंतु आवाज इतका वाढतो की तो दचकण्याचे नवे कारण बनतो. सायलेन्सरला कायद्याची परवानगी असेल तर तो कितीतरी चांगला, कारण तो धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो. खरेदीपूर्वी दस्त्याची लांबी स्वतःच्या हाताला जुळते का हे पाहावे आणि दस्त्यामागची, खांद्याला टेकणारी रबरी गादी चांगल्या प्रतीची असावी.

एक खबरदारी सुरक्षेची. .२४३, .३०८ आणि ७ मिमी-०८ ही एकाच कुळातली काडतुसे पेंद्याकडून सारखीच दिसतात, त्यामुळे घरात यांपैकी दोन रायफली असतील तर काडतुसे वेगळ्या डब्यांत ठेवावीत आणि पेंद्यावर कोरलेले नाव नळीवरील नावाशी जुळल्याशिवाय एकही काडतूस आत घालू नये.

माझ्या रायफलचा नेम मी २०० मीटरवर जुळवून ठेवतो. त्यामुळे १०० मीटरवर गोळी सुमारे पाच सेंटिमीटर वर आणि ३०० मीटरवर वीसेक सेंटिमीटर खाली लागते. हंगामापूर्वी मी सराव टेबलावरून नव्हे, तर गुडघ्यावर बसून आणि काठीचा आधार घेऊन करतो, आणि या काडतुसाचे चाळीस बार एका सकाळी टाकूनही शेवटच्या बाराला माझे डोळे उघडे असतात.