सात महिने लिनक्स मिंट, तेही बाबांच्या लॅपटॉपवर

बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे तो विषयच संपला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी विंडोजच्या जागी मिंट २२.२ टाकलं, लिनक्सवर चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. आधी दोन दिवस इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं ठीक होतं.

उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची पट्टी डावीकडे उभी असते. बाबांना ती चालली नसती. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की धाप लागायची, म्हणून अजून ४ जीबी टाकली.

पहिल्या आठवड्यात रोज फोन. "अरे, सी ड्राइव्ह कुठे गेला?" तो गेला ते गेलाच, आता 'होम' आहे, हे पचायला वेळ लागला.

खरी परीक्षा मराठीची. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टाइप करतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडला, पाच मिनिटांचं काम. पण जुन्या नोटिसा मंगल फॉन्टमध्ये, तो मायक्रोसॉफ्टचा, इथे नसतो. लिब्रेऑफिसने (वर्डच्या जागी असलेल्या फुकट ऑफिसने) दुसरा देवनागरी फॉन्ट लावला आणि एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर सांडली, तिथे फक्त 'आपला विश्वासू'. त्याहून जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाइली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसत होत्या. जुन्या डिस्कवरून त्यांची फॉन्टफाइल शोधली, डबल क्लिक करून इन्स्टॉल केली, तेव्हा २००९ ची पाणीपट्टीची नोटीस पुन्हा मराठीत आली. बाबा ती अख्खी वाचत बसले.

प्रिंटरने मात्र रडवलं. जुना लेझर प्रिंटर, कंपनीचा ड्रायव्हर जुनाट. दोन रविवार त्यात घातले, शेवटी काहीतरी भलतंच मोडलं आणि पीडीएफसुद्धा छापायला जाईना. टाइमशिफ्टने, म्हणजे सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणाऱ्या मिंटमधल्या सोयीने, आदल्या दिवसावर परत आणलं. ते मुळात फक्त सिस्टिमच्या फाइली मागे नेतं, त्यामुळे बाबांच्या नोटिसांना धक्का लागला नाही. ही एक सोय पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

अपडेट ढालीच्या खुणेवर क्लिक करून बाबा स्वतः करतात. मध्येच रीस्टार्ट होत नाही, यावर ते भलतेच खूश. २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील.

विंडोजवरच्या टॅलीवर रोजचं हिशेबाचं काम असेल तर नाद सोडा. ब्राउझर, नोटिसा, फोटो, यूट्यूब एवढंच असेल तर बिनधास्त टाका, फक्त तुमचा प्रिंटर चालतो का ते पेनड्राइव्हवरूनच बघून घ्या. मी बघितलं नव्हतं. आमच्या नोटिसा अजून खालच्या झेरॉक्सवाल्याकडूनच छापून येतात.